गोचिडापासून रुग्णालयापर्यंत

गोचीड पाहिला नाही असा मराठवाड्यातील विद्यार्थी विरळाच. बैलाच्या कानामागे, शेळीच्या पोटाखाली तो चिकटलेला असतो. हा क्षुद्र जीव माणसाला दोन गंभीर ताप देऊ शकतो. दोन्हींचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे, पण त्यांच्यात एक मोठा फरक आहे.

पहिला ताप म्हणजे माकडताप. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसे आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था) त्याचा विषाणू शोधला. हे काम करताना प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांनाही लागण झाली. २०१६ मध्ये हा ताप सिंधुदुर्गातही पसरला. मात्र रुग्णापासून शुश्रूषा करणाऱ्याला माकडताप झाल्याची नोंद नाही. माणसापाशी येऊन ही साखळी तुटते.

दुसऱ्या तापाची साखळी माणसापाशी तुटत नाही. १९४४ मध्ये क्रायमियात सोव्हिएत सैनिकांना रक्तस्रावासह ताप येऊ लागला. १९५६ मध्ये काँगोतील एका रुग्णात आढळलेला विषाणू पुढे तोच निघाला. म्हणून नाव पडले क्रायमियन-काँगो ताप. १९७६ मध्ये रावळपिंडीत पोटदुखी व रक्तस्राव होणाऱ्या एका मेंढपाळाचे पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यात आली. पुढे शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहातील मदतनीस या दोघांनाही प्राण गमवावे लागले. त्याच वर्षी, त्याच काँगोत (तेव्हाच्या झाईरमध्ये), यांबुकू येथे इबोला हा वेगळाच विषाणू प्रकटला. तेथील मिशन रुग्णालयात रोज सकाळी पाच सिरिंज दिल्या जात आणि त्याच दिवसभर पुन्हा पुन्हा वापरल्या जात. १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ जण मरण पावले, तेव्हा रुग्णालय बंद करावे लागले.

भारतात १९७०च्या दशकात काही जनावरांच्या व माणसांच्या रक्तात क्रायमियन-काँगो विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली होती, म्हणजे विषाणूची चाहूल लागली होती. पण रुग्ण एकही ओळखला गेला नव्हता. अहमदाबाद जिल्ह्यातील सानंद तालुक्यातील कोलाट गावची एक स्त्री शहरातील खासगी रुग्णालयात ३ जानेवारी २०११ रोजी वारली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर १३ जानेवारीला, तर परिचारिका १८ जानेवारीला मरण पावली. पुण्याच्या संस्थेत नमुने तपासून रोगाचे नाव कळले, तोवर ती स्त्री जाऊन सुमारे दोन आठवडे उलटले होते.

कर्तव्य करणाऱ्यांचाच बळी का जावा? कारण साधे आहे. सुरुवातीला हा ताप डेंग्यू किंवा मलेरियासारखाच दिसतो. रुग्ण जसजसा अत्यवस्थ होतो, तसतसे सुई टोचणे, नळी घालणे, रक्त पुसणे वाढते. नेमके त्याच वेळी रक्तात विषाणू भरपूर असतात. म्हणजे निदानाच्या आधीच धोका शिगेला पोहोचलेला असतो. यातून निघणारा धडा असा की, खबरदारी निदानावर अवलंबून ठेवता येत नाही. एड्सच्या काळात, १९८०च्या दशकात, हे तत्त्व स्पष्टपणे मांडले गेले: प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य आहे असे समजूनच वागावे. हातमोजे, मुखपट्टी, एकदाच वापरायची सुई आणि हात धुण्यासाठी पाणी व साबण ही त्याची साधने. ती फक्त मोठ्या शहरातच नव्हे, तर तालुक्याच्या दवाखान्यातही हवीत.

२०१२ मध्ये पुण्यात चौथ्या, म्हणजे सर्वोच्च, जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा सुरू झाली. २०१३-१४ मध्ये २२ राज्ये व एका केंद्रशासित प्रदेशातील गुरे, शेळ्या व मेंढ्यांचे ५,६३६ नमुने तपासले गेले; ३५४ नमुन्यांत प्रतिपिंडे मिळाली. जनावरे स्वतः आजारी दिसत नाहीत, म्हणून गोठ्यावरून अंदाज येत नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. फळ्यावर जानेवारीच्या तारखांची रेषा काढून ३, १३ व १८ वर खुणा कराव्यात. रक्ताच्या संपर्कानंतर हा ताप साधारण ५-६ दिवसांनी, क्वचित १३ दिवसांनी येतो हे सांगून विचारावे: डॉक्टरांना लागण केव्हा झाली असेल? रोगाचे नाव तेव्हा कोणाला ठाऊक होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी स्वतःच देतील, आणि हातमोज्यांचे महत्त्व वेगळे शिकवावे लागणार नाही. मात्र गोचीड बोटांनी चिरडू नये, हे त्याच तासाला सांगायला विसरू नये.