वाय-फाय कार्डाचा अस्सल कागद

जळगाव-धुळ्याकडे संशोधनाला लागणाऱ्या बऱ्याच मुलांचा लॅपटॉप मोठ्या भावाचा तरी असतो, नाहीतर सेकंड हँड घेतलेला. दहा-बारा वर्षांचं मशीन, त्यावर उबुंटू किंवा मिंट. रॅम वाढवली, एसएसडी टाकली की ते पळतं, पण वाय-फाय सारखं तुटतं आणि ब्लूटूथ हेडफोन सापडतच नाही. मग कोणीतरी म्हणतं, "कार्ड बदलून टाक भो, पाच मिनिटांचं काम." स्क्रू काढायला तेवढीच लागतात हे खरं. पण कोणतं कार्ड घ्यायचं हे ठरवायला थोडा इतिहास वाचावा लागतो.

2005 च्या आसपास बऱ्याच चिप कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर देत नव्हत्या आणि चिपची माहितीही देत नव्हत्या. लोक 'एनडीआयएस-रॅपर' लावून चक्क विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवायचे. ब्रॉडकॉमच्या चिपची गोष्ट तर संशोधन पद्धतीच्या तासाला सांगावी अशी आहे. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचं फक्त वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर न बघता, निव्वळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. नकलेचा आरोप यायला जागाच ठेवली नाही! 2006 मध्ये तो कर्नल 2.6.17 मध्ये आला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर 2010 मध्ये. अथेरॉसने मात्र 2008 मध्येच 'एटीएच9के' खुला केला होता, आणि त्याच्या पीसीआय कार्डांना वेगळी फर्मवेअर फाइलही लागत नाही. इंटेलचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, फर्मवेअर वेगळं चढवावं लागतं. जुन्या मशीनसाठी आजही आधी या दोघांची नावं घेतली जातात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

पण नाव वाचून कार्ड घेऊ नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ सुरू झालं. बखरींवर भिस्त न ठेवता अस्सल पत्रं शोधत गावोगाव फिरलेला हा माणूस. आपल्या विषयात खोक्यावरचं नाव म्हणजे बखर. टीपी-लिंकचा 'डब्ल्यूएन722एन' हा यूएसबी अडॅप्टर घ्या. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीत रिअलटेकची आली, आणि नाव तेच राहिलं. पहिलीवरचा सल्ला दुसरीला लागू नाही. अस्सल कागद म्हणजे चिपचा आयडी. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' चालवलं (यूएसबीसाठी 'एलएसयूएसबी') की तो दिसतो. इंटेलचा निर्माता क्रमांक 8086 आहे, त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा.

आता स्लॉट. जुन्या मशीनमध्ये मिनी पीसीआय-ई असतो, नंतरच्यांत एम.2, आणि एकाचं कार्ड दुसऱ्यात थेट बसत नाही. एम.2 असेल तर इंटेलचं एएक्स210 चालू शकतं, मात्र कर्नल 5.10 किंवा पुढचा हवा. एएक्स201 मात्र घेऊ नका. ते दिसायला तसंच असलं तरी त्याचा अर्धा कारभार इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे जुन्या मशीनला ते ओळखूच येत नाही.

ब्लूटूथचं गणित वेगळं. कार्ड एकच, पण वाय-फाय पीसीआय-ईवरून चालतं आणि ब्लूटूथ यूएसबीच्या तारांवरून. स्लॉटमध्ये त्या तारा जोडलेल्या नसतील तर वाय-फाय सुरू आणि ब्लूटूथ गायब. काही जुन्या थिंकपॅडवर मिनी कार्डाच्या 51 क्रमांकाच्या पिनवर बारीक चिकटपट्टी लावली की ब्लूटूथ जागं होतं, कारण त्या पिनवरून ते बंद ठेवलं जातं.

आणि शेवटचा अडथळा बायोसचा. कित्येक जुन्या थिंकपॅड आणि एचपी मशीनमध्ये मंजूर कार्डांची यादीच कोरलेली असते. यादीबाहेरचं कार्ड घातलं की जुना थिंकपॅड 1802 हा एरर दाखवून तिथेच थांबतो, लिनक्सपर्यंत गाडी पोचतच नाही. रेडिओच्या नियमांसाठी हे करावं लागतं असं कारण दिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. त्यामुळे पैसे देण्याआधी तुमच्या मॉडेलची यादी शोधा. त्यात तुमचं कार्ड नसेल तर सरळ यूएसबी अडॅप्टर घ्या, आणि त्याची आवृत्ती लेबलवर वाचूनच घ्या.