सडपातळ देहाची साक्ष

पाथर्डीसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत अंगानें भरणें हें सुबत्तेचें लक्षण समजलें जातें. ऊसतोडीसाठीं दरसाल घर सोडणाऱ्या मजुरांचे काटक देह पाहिले, कीं मधुमेह हा बैठ्या, लठ्ठ माणसांचाच रोग असावा, अशी आपली सहज समजूत होते. परंतु ही समजूत डोळ्यांची आहे, आणि डोळ्यांना त्वचेपलीकडचें दिसत नाहीं.

तें प्रथम दिसलें १८९५ सालीं. त्या वर्षीं जर्मनींत राँटगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें छायाचित्र घेतलें आणि बोटांतील हाडें जगाला दिसलीं. मात्र अशा छायाचित्रांत मांस कोणतें व चरबी किती, हें नीट उमगत नसे. पुढें दोन भिन्न शक्तींचे क्ष-किरण शरीरांतून पाठविण्याची युक्ति निघाली. हाड, मांस व चरबी हीं त्यांना निरनिराळ्या प्रमाणांत अडवितात. त्या फरकावरून प्रत्येकाचा वांटा गणितानें काढतां येतो. या तपासणीस ‘डेक्सा’ म्हणतात.

२००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचें एक छायाचित्र प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें काढलेला वजनाचा अंक दोघांचाही एकच, २२.३, परंतु शरीरांतील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! तराजूला जे सारखे वाटले, ते आंतून असे वेगळे निघाले.

दोन माणसांवरून सिद्धांत होत नाहीं, हें खरें. पण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानें १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास आरंभिला होता. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो भरलें. आमचीं बालकें स्नायूंनीं फारच उणीं, पण त्वचेखालील चरबींत तितकीं उणीं नव्हतीं. २००९ सालीं पुणें व लंडन येथील नवजात बालकांची चुंबकीय चित्रणानें तुलना प्रसिद्ध झाली. या चित्रणांत क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत पाण्यांतील व चरबींतील हायड्रोजनचे अणुगर्भ जे संकेत देतात, त्यांवरून चित्र बनतें. त्यांत पुण्याचीं बालकें आकारानें लहान, परंतु पोटाच्या भागांतील चरबीनें अधिक, असें आढळलें. पोटांतील चरबीचा मधुमेहाशीं निकट संबंध आहे.

म्हणजे या रोगाचा प्रश्न जितका बैठ्या जीवनाचा, तितकाच गर्भवती मातेच्या ताटाचा आहे. अशीं यंत्रें गांवोगांव येणें शक्य नाहीं आणि त्याची जरुरीही नाहीं. त्यांनीं दाखविलेलें सत्य मात्र गांवांत आलें पाहिजे. आपल्या घरांतील सडपातळ माणूस ‘मला कसला मधुमेह?’ असें म्हणून रक्ततपासणी टाळीत असेल, तर त्याला ही पुण्याची हकीकत अवश्य सांगावी.