तगर ते धाराशिव : मुखप्रसाधन, चिकित्सा आणि व्यवसाय – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात राजवंश, मंदिरस्थापत्य, संतपरंपरा आणि मुक्तिसंग्राम या विषयांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे दैनंदिन जीवनातील साधनांना मिळाले नाही. प्रसाधन हा विषय तर बहुधा वस्तुसंग्रहालयाच्या सूचीपुरताच राहिला. वास्तविक चेहऱ्याला काय लावावे, ते कोणी तयार करावे, कोणी विकावे आणि त्यातून अपाय झाल्यास उत्तरदायी कोण, हे प्रश्न व्यापार, वैद्यक आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांना स्पर्श करतात. आज जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचा व सौंदर्योपचारांची चिकित्सालये दिसू लागली आहेत. त्यांच्याकडे केवळ शहरी अनुकरण म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. तथापि धाराशिव जिल्ह्यातील तेर या स्थळाचा पुरावा विचारात घेतला, तर मुखप्रसाधनाचा व्यवसाय या भूमीला सुमारे दोन हजार वर्षे परिचित असल्याचे दिसते. अनोळखी आहे ती उपचार आणि शोभा यांच्यामधील सीमारेषा पाळण्याची सवय. प्रस्तुत लेखात या सीमारेषेचा मागोवा घेतला आहे.

तेरचा पुरावा

धाराशिव शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर तेरणा नदीकाठी वसलेले तेर म्हणजेच प्राचीन तगर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये पटवून दिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे नमूद आहे. तगरहून भडोचकडे जाडेभरडे कापड, मलमल आदी माल गाड्यांतून जात असे. हा उल्लेख पाठ्यपुस्तकांतही येतो. त्याच ग्रंथातील भडोच बंदराच्या आयातीची यादी मात्र प्रसाधनाच्या दृष्टीने क्वचितच वाचली जाते. त्या यादीत मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे यांच्याबरोबर शिलारस, मनशीळ, सुरमा आणि थोड्या प्रमाणात स्वस्त प्रतीचे सुगंधी लेप यांचाही समावेश आहे. मनशीळ हे सोमलाचे गंधकयुक्त खनिज असून ते रंगासाठी व औषधासाठी वापरले जाई. सुरमा डोळ्यांसाठी. परदेशी लेप महाग नव्हते आणि फारसे येतही नव्हते, ही नोंद महत्त्वाची आहे. या वस्तूंची गरज येथे बऱ्याच अंशी स्थानिक मालावर भागत असावी, असे अनुमान त्यावरून करता येते.

भडोचला उतरलेला सुरमा तगरपर्यंत पोहोचला याचा लेखी दाखला नाही. परंतु मार्ग होता, गाड्या होत्या, आणि परतीच्या गाड्या रिकाम्या येत नसाव्यात. सातवाहनकालीन दख्खनमधील नगरस्थळांवर तांबे, हाड व हस्तिदंत यांच्या अंजनशलाका, अंग घासण्याच्या भाजक्या मातीच्या वज्री आणि फण्या आढळतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथे तर रोमन बनावटीचा कांस्य आरसाही मिळाला. तेरचे उत्खनन बा. ना. चापेकर यांनी 1958 मध्ये केले व त्याचा अहवाल 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. केओलिन या पांढऱ्या मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या स्त्रीमूर्ती हे तेरचे वैशिष्ट्य होय. त्यांची केशरचना, कर्णभूषणे आणि कपाळावरील अलंकार इतके बारकाईने घडवले आहेत की तत्कालीन प्रसाधनाची ती एक प्रकारे चित्रमालिकाच ठरते.

तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सर्वांत प्रसिद्ध आहे. तिचे नाते इटलीतील पाँपेई येथे 1938 साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जोडले जाते. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली ही मूर्ती बरेच दिवस ‘पाँपेईची लक्ष्मी’ या नावाने ओळखली गेली. परंतु तिच्या दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्या लहान दासींच्या हाती प्रसाधनाची पात्रे आहेत आणि मस्तकात खोबण आहे. त्यामुळे ती देवी नसून आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावा, असे मत मांडले गेले. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही याच धाटणीची मूर्ती मिळाल्याने पाँपेईची मूर्ती याच परिसरातून गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. तिच्यावरील खरोष्ठी अक्षरखुणेमुळे इतर अभ्यासक वायव्य भारताकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही. मूर्ती कोठेही घडली असो, तिचा विषय शृंगारप्रसाधन हाच आहे आणि त्या विषयाची वस्तू विकण्याजोगी मानली गेली, एवढे निश्चित.

येथे एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयातील संग्रहाचा मोठा भाग तेरचे रहिवासी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून, पावसाने उघड्या पडलेल्या वस्तू वर्षानुवर्षे वेचून उभा केला. त्यांच्या या कार्याविना अनेक वस्तू नष्ट झाल्या असत्या. मात्र पृष्ठभागावर वेचलेल्या वस्तूला स्तर नसतो. अंजनशलाका वाड्यात वापरली गेली की विणकराच्या घरात, हे ती कोणत्या थरात व कोणत्या वस्तूंच्या सोबतीने पडली होती त्यावरूनच कळले असते. प्रसाधन केवळ श्रीमंतांचे होते काय, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे तेरच्या संग्रहातून मिळत नाही. साच्यातून काढलेल्या मातीच्या मूर्तींची विपुलता पाहता ते केवळ श्रीमंतांचे नसावे, असे वाटते. पण हे वाटणेच आहे.

तगर या नावाविषयीही सावधगिरी हवी. याच नावाचे सुगंधी मूळ संस्कृत ग्रंथांत वारंवार येते. परंतु ती वनस्पती हिमालयाच्या परिसरातील आहे, आणि परसदारी पांढऱ्या फुलांनी बहरणारी तगर ती नव्हे. नगराचे नाव वनस्पतीवरून पडले असे म्हणण्यास आधार नाही.

लेप : औषध की शोभा

वस्तूंकडून ग्रंथांकडे वळले असता सीमारेषेचा प्रश्न प्रथमच स्पष्ट रूपात भेटतो. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात मुखलेपाचे तीन प्रकार सांगितले आहेत : दोष नाहीसा करणारा, विषनाशक आणि वर्ण उजळणारा. पहिले दोन औषधे आहेत, तिसरी शोभा. तिन्ही एकाच प्रकरणात असली तरी वेगळी मोजली आहेत. लेपाची जाडी बोटाच्या चौथ्या, तिसऱ्या किंवा निम्म्या भागाएवढी असावी, तो ओला असेपर्यंतच ठेवावा, वाळलेला लेप कांती बिघडवतो म्हणून भिजवूनच काढावा आणि नंतर तेल लावावे, असा विधी आहे. सर्दी, अजीर्ण किंवा जबड्याचा विकार असल्यास लेप वर्ज्य. लेप लावला असता दिवसा झोपणे, बोलणे, अग्नी व ऊन यांजवळ जाणे, शोक व क्रोध टाळावेत. सहा ऋतूंसाठी सहा पाठ दिले असून वर्षाऋतूच्या पाठात तीळ, वाळा व जटामांसी यांच्याबरोबर तगर येतो.

हा ग्रंथ मराठवाड्यात लिहिला गेला नाही आणि तेथील सामान्य स्त्री तो वाचून लेप लावत होती असेही नव्हे. तथापि या परंपरेचे काही शब्द मराठीच्या बोलीत मुरले आहेत. गालांवरील काळसर डागांना ग्रामीण स्त्री ‘वांग’ म्हणते. तो ग्रंथांतील ‘व्यंग’ होय. दिवाळीचे ‘उटणे’ म्हणजे ‘उद्वर्तन’. सुश्रुताने व्यंग व तारुण्यपीटिका यांची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. वांग हा रोग मानला गेला, कुरूपता नव्हे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कारागिरांचे हात

ग्रंथ वैद्याचा असला तरी चेहऱ्यावर प्रत्यक्ष हात चालवणारे बहुधा निराळेच असत. मराठी मुलखातील याचा सर्वाधिक परिचित दाखला पुण्याचा आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी 1792 च्या म्हैसूर युद्धात टिपूच्या हाती लागला व त्याचे नाक कापण्यात आले. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या कुंभार जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. मेणाचा साचा करून कातडीचे माप घेतले होते. दोन इंग्रज शल्यचिकित्सकांनी ही क्रिया पाहिली, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर 1794 च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये वृत्तांत छापून आला. त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू याने 1814 मध्ये लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली. लंडनच्या शल्यचिकित्सकाचे नाव इतिहासात राहिले, पुण्याच्या कुंभाराचे नाही. गोरोबा कुंभारांच्या तेरमध्ये ज्या हातांनी मूर्तींचे साचे घडवले त्यांचीही नावे नाहीत.

धाराशिव परिसरात चेहऱ्यावरील सर्वांत टिकाऊ क्रिया म्हणजे गोंदण. कपाळ, हनुवटी व गाल यांवर काजळीच्या रंगाने ठिपके उठवण्याचे काम भटक्या जमातींतील स्त्रिया करीत. मोबदला धान्याचा वा पैशांचा असे. सुया एकीनंतर दुसरीला त्याच. वेदना सोसणे हा त्या विधीचा भाग मानला जाई आणि अपायाची जबाबदारी कोणावरच नसे. तुळजापूरच्या भवानीच्या क्षेत्रात मळवट भरण्याचा आचार आणि कुंकवाचा बाजार यांमुळे कपाळ हे धार्मिक चिन्हाचेही स्थान ठरले. हळदीवर क्षाराची प्रक्रिया करून केलेले कुंकू मागे पडून कृत्रिम रंगांची भुकटी आणि पुढे चिकटवण्याच्या टिकल्या आल्या. काही टिकल्यांच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल या रसायनामुळे कपाळावर पांढरे डाग पडत असल्याचे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिले. सौभाग्याच्या खुणेच्या जागीच कोडासारखा डाग! त्या स्त्रीस घरात काय ऐकावे लागत असेल, हे वैद्यकीय नियतकालिकांत येत नाही.

कायद्याची सीमारेषा

स्वातंत्र्योत्तर काळात हा प्रश्न कायद्याच्या भाषेत आला. 1940 च्या औषध अधिनियमाच्या कक्षेत 1962 च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनेही आली. त्यामुळे एखादे मलम औषध की प्रसाधन हे ठरवणे अपरिहार्य झाले. विको या मराठी उद्योगाच्या हळदीच्या क्रीमवरील अबकारी कराचा वाद याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व निर्णय आयुर्वेदिक औषधाच्या बाजूने लागला. वाग्भटाने एका श्लोकात केलेली विभागणी न्यायालयात करण्यास अनेक वर्षे लागली, असे गमतीने म्हणता येईल. दुसरीकडे 1975 पासून ‘फेअर अँड लव्हली’सारख्या क्रीमच्या जाहिरातींनी सावळा वर्ण हाच दोष ठरवला. 2020 मध्ये या क्रीमचे नाव बदलले. अपेक्षा किती बदलली हा निराळा प्रश्न आहे.

या अपेक्षेच्या पोटातच आजचा धोका आहे. झटपट उजळपणा देणाऱ्या काही क्रीममध्ये पारा आढळतो. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता अनवधानाने आलेला पारा दशलक्ष भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. तरीही 2023 च्या प्रारंभी अकोला येथील एकाच कुटुंबातील स्त्रियांना क्रीममधील पाऱ्यामुळे मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे वृत्त आले. भडोचच्या गोदीतील मनशिळेपासून या क्रीमपर्यंत धातू बदलला, वाट तीच राहिली.

वर्तमान व्यवसाय

2023 मध्ये उस्मानाबादचे नामांतर होऊन धाराशिव झाले. सोलापूर व लातूर जवळ असल्याने या जिल्ह्यातील रुग्ण पूर्वी तिकडेच जात. सौंदर्योपचारांचा आजचा व्याप म्हणजे रासायनिक पीलिंग, सूक्ष्म सुयांचे उपचार, रक्तातील प्लेटलेट्सचा वापर, बोटुलिनम आणि लेसर. यंत्रे महाग, त्यांचे कर्ज फेडायचे, आणि मागणी लग्नसराईत एकवटलेली. असे गणित असलेल्या चिकित्सालयाचा भर साहजिकच पुन्हा पुन्हा यावे लागणाऱ्या उपचारांवर राहतो. आजीच्या पिढीने सोसून घेतलेले गोंदण आजची पिढी 1064 नॅनोमीटरच्या लेसरने काढून घेऊ शकते. काजळीच्या निळसर काळ्या रंगावर आणि सावळ्या त्वचेवर ही तरंगलांबी तुलनेने सुरक्षित मानली जाते. मात्र त्यास अनेक बैठका लागतात.

वांग हा यांतील सर्वांत अवघड विकार होय. ऊन आणि उष्णता टाळा, ही आधुनिक त्वचारोगतज्ज्ञाची पहिली सूचना आणि वाग्भटाचा अग्नी व ऊन यांविषयीचा निषेध यांत फारसे अंतर नाही. पण भूम वा कळंब तालुक्यात सोयाबीन खुरपणारी स्त्री दिवसभर उन्हात असते आणि संध्याकाळी चुलीपुढे. दोन्ही काळातील उपचारांनी सावलीत बसण्याची सवड गृहीत धरली आहे. ज्या चेहऱ्याला ती सवड नाही त्याच्यासाठी औषधाच्या दुकानातील ट्यूब असते. तीत स्टेरॉइड असते, आठवड्यात फरक दिसतो, आणि काही महिन्यांनी कातडी पातळ होऊन लाल पडते. ट्यूब बंद करताच आग होऊ लागते म्हणून पुन्हा तीच लावली जाते. मार्च 2018 मध्ये त्वचेवर लावण्याची चौदा स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये घालण्यात आली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री करता येत नाही. ट्यूबवर तसे लाल पट्टीत छापलेले असते, बारीक अक्षरात आणि इंग्रजीत.