भट्टीपासून घरच्या पावापर्यंत

नान-खलिया ही औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, जुनी ओळख. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराबरोबर हा पदार्थ आला, असे परंपरा सांगते. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट आजही दिसते : खलिया घरी शिजवता येतो, नान मात्र बहुधा भट्टीवरूनच आणला जातो.

याचे कारण भट्टीच्या अर्थकारणात आहे. ती तापायला वेळ आणि सरपण लागते. एका घराच्या चार नानांसाठी ती परवडत नाही. घरात असतात चूल आणि तवा. शिवाय मराठवाड्याचे धान्य ज्वारी. तिच्यात गव्हासारखे ग्लुटेन नसल्याने पीठ आंबवले तरी वायू धरून पावासारखे फुगत नाही. म्हणून भाकरी घरची आणि फुगलेली रोटी बाजाराची, अशी वाटणी झाली.

याच शहरात सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची पाणचक्की आहे. डोंगरातून नळांनी आणलेल्या पाण्यावर तिचे जाते फिरे आणि दर्ग्यातले फकीर, वाटसरू यांच्यासाठी धान्य दळले जाई. यंत्र होते, पण तेही अनेकांसाठी. घरोघरच्या बायका पहाटे जात्यावर बसतच होत्या.

बाजाराची रोटी म्हणजे दुसऱ्याच्या हातची रोटी. गोव्यात पोर्तुगीजांचा पाव पोदेराने दारोदार पोचवला. आपला ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. पण सोवळ्या घरांना त्याची भीती वाटे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून टिळक, रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य चालले.

जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९८७ साली घरगुती पावयंत्र बाजारात आणले आणि भट्टी एका घरापुरती झाली. आधीच्या नमुन्यांत पाव बाहेरून करपे, आत कच्चा राही. तेव्हा कंपनीतल्या इकुको तनाका ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे कणीक मळायला शिकल्या. तो कणीक ताणताना तिला पीळ देतो, हे त्यांनी हेरले. तो पीळ साधावा म्हणून यंत्राच्या भांड्याला आतून कंगोरे बसवले गेले.

आज अशी यंत्रे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आहेत. पाणी, पीठ, मीठ, यीस्ट घातले की तीन-चार तासांत पाव तयार होतो. मळण्याचे कष्ट वाचले, हे मोलाचेच. घरात ते बहुधा बाईच्याच वाट्याला येतात. पण ‘घरचा, म्हणून स्वच्छ’ असे म्हणताना ‘कोणाच्या हातचा?’ हा जुना प्रश्न नव्या शब्दांत परत येत नाही ना, हे तपासायला हवे. कारण त्या भांड्यात कणकेला जो पीळ बसतो, तो एका अनोळखी बेकराच्या हातचा आहे.