एक घाट, दोन कारभार

लोधिवलीहून खोपोलीकडे जाणारी गाडी चौक मागे टाकते, तसा सह्याद्री जवळ येऊ लागतो. बोरघाटाचा धडा शिकवताना मी मुलांना नेहमी आकडे सांगतो: लोहमार्ग पावणेसोळा मैलांचा, चढ 1831 फुटांचा, बोगदे 25. यंदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, एवढ्या माणसांकडून काम करवून घेतले कसे?" प्रश्न मला बोचला, कारण त्याच सकाळी मी छडी उगारून वर्गाकडून अंगण झाडून घेतले होते.

1856 साली घाटाचे काम विल्यम फॅव्हिएल या कंत्राटदाराने सुरू केले. मुंबई-ठाणे लोहमार्ग बांधणारा तोच. कसबात उणा नव्हता. पण मजूर गोऱ्या मुकादमांच्या हाती होते, आणि त्यांचा कारभार धाकाचा. मजुरी थके, वर मार बसे. जानेवारी 1859 मध्ये मजूर उठले. दंग्यात एक गोरा प्राणास मुकला. चौकशी झाली आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले.

ते घेतले सॉलोमन ट्रेडवेल याने. विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. मागे राहिली पत्नी अ‍ॅलिस. ती मायदेशी परतली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. बाईने कंत्राट स्वतःकडे घेतले. मात्र डोंगर फोडणे आपल्याला कळते असा आव आणला नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउसर या जाणत्या माणसांवर तिने काम सोपवले. 1861 साली घाटात 42 हजारांवर माणसे राबत होती. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला.

बाईच्या कारभारात सारे गोडच होते, असे मी म्हणणार नाही. पटकीने कितीतरी मजूर दगावले. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. घाटातला एक पूलही 1867 साली कोसळला. पण वाचकहो, सोपवले तर दोन्ही कारभारांत. एकात माणसे धाकाच्या हाती गेली, दुसऱ्यात काम जाणत्याच्या हाती गेले.

दुसऱ्या दिवशी छडी कपाटात ठेवली आणि अंगणाची वाटणी त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलावरच सोपवली. अंगण झाडायला वेळ अंमळ जास्त लागला. कोपरे मात्र प्रथमच स्वच्छ निघाले.