ईदचा फोटो आणि स्थिर न बसणारं मूल

ईदची नमाज पढून घरी आलं, गळाभेटी झाल्या, की अंगावरचे नवे कपडे तसेच ठेवून मुलांना स्टुडिओत न्यायचं, ही रीत आपल्याकडच्या अनेक गावांत अगदी परवापरवापर्यंत होती. शीरखुर्मा झब्ब्यावर सांडायच्या आत फोटो व्हायला हवा, एवढाच हिशेब. आता स्टुडिओची जागा मोबाइलने घेतली, पण आईची धावपळ तीच आहे. मुलाची झोप झालेली हवी, पोट भरलेलं हवं, टोपी निदान पाच मिनिटं डोक्यावर टिकायला हवी. या धावपळीचा इतिहास कॅमेऱ्याइतकाच जुना आहे.

1839 मध्ये पॅरिसला दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका चित्राला काही मिनिटं लागत. मोठी माणसं मानेमागे लोखंडी आधार लावून बसत. लहान मुलाला कोण बसवणार? 1851 नंतर काचेवरच्या ओल्या थराची पद्धत आली आणि वेळ काही सेकंदांवर उतरला. तान्ह्या बाळाला तेवढाही पुष्कळ. मग युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंनी एक युक्ती काढली. आईलाच डोक्यापासून पायापर्यंत कापडाखाली झाकायचं, तिच्या मांडीवर मूल ठेवायचं आणि तिने आतून ते घट्ट धरायचं. जुन्या फोटोंचे संग्राहक या प्रकाराला आज ‘लपलेली आई’ म्हणतात. असे फोटो पाहताना आपल्या वाचकाला पहिल्यांदा बुरखाच आठवेल, पण इथे पडद्याचा प्रश्नच नव्हता. आईची खुर्ची केली होती, इतकंच! 1871 मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड मॅडॉक्सने कोरड्या काचेची कल्पना मांडली. त्या दशकाच्या अखेरीस फोटो सेकंदाच्याही आत निघू लागला आणि हलणारं मूल प्रथमच हलतं-हसतं कॅमेऱ्यात आलं. 1900 साली कोडॅकचा एक डॉलरचा ‘ब्राउनी’ निघाला, तो तर मुलांच्याच हाती द्यायला.

मुस्लिम घरांत प्रश्न फक्त सेकंदांचा नव्हता. सजीवांची चित्रं काढण्याविरुद्ध कडक हदीस आहेत. चित्र असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे चित्र की नाही? इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी 1904 च्या सुमारास ‘अल-मनार’मध्ये चित्रांची बाजू घेतली. मूर्तिपूजेचा धोका नसेल तर ज्ञान जपणारी गोष्ट शरीयत नाकारणार नाही, असा त्यांचा रोख होता. पुढे त्याच पदावर आलेल्या शेख बखीत अल-मुतीई यांचा युक्तिवाद मला अधिक आवडतो: फोटोग्राफर काही घडवत नाही, अल्लाहने घडवलेल्याची सावली तेवढी धरून ठेवतो. आपल्याकडच्या देवबंदी उलेमांना हे पटलं नाही. साधन बदललं म्हणून हुकूम बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. पासपोर्टसारख्या जरुरीपुरती मात्र त्यांनीही सूट दिली.

या वादात मुलांसाठी एक खिडकी आधीपासून उघडी होती. हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत आणि रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना अडवलं नाही, हे हदीसमध्येच आहे. बाहुली चालते तर मुलाचा फोटो का नको, असा सरळ हिशेब घरोघरी झाला असावा. हा माझा अंदाज. पण आपल्या घरांतले जुने फोटो पाहा, मुलं दिसतात, शेरवानीतले अब्बा दिसतात. अम्मी दिसत नाही.

पडद्यातल्या बायकांना कॅमेरा नको होता, असंही म्हणता येत नाही. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादला, लाला दीनदयाळ यांनी 1892 मध्ये खास जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंतींच्या आत, पुरुषाची सावलीही नाही, आणि कॅमेऱ्यामागे एक इंग्रज बाई. घराण्याची ऐपत असली की शरम, शरीयत आणि हौस एकाच अंगणात नांदू शकतात, हे त्या भिंतींनी दाखवलं. पण विणकराच्या, बागवानाच्या, तांबोळ्याच्या बायकोसाठी असा स्टुडिओ कुणी काढला नाही. गावातला फोटोग्राफर पुरुष. मग मूल दाराशी सोपवून ती बाहेर थांबे, नाहीतर घरीच राही.

म्हणून कित्येक घरांत दादी-नानीचा एकुलता फोटो सापडतो तो हजच्या पासपोर्टचा. सरळ बघणारी, घाबरलेली, ओळखू न येणारी. जिने चाळीस ईदना मुलांना न्हाऊ घातलं, सुरमा लावला, इत्तराचा फाया कानात खोचला, तिचा ईदचा फोटो एकही नाही. ज्यांची श्रद्धा फोटोला मुळीच परवानगी देत नाही, त्यांच्याशी माझा वाद नाही. पण जिथे अब्बा आणि मुलं खुशाल उभी राहतात, तिथे एकट्या आईला बाहेर ठेवणारा मसला कुठल्या किताबात आहे?

यंदाच्या ईदला मोबाइल अम्मीच्या हातातून काढून घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या पोराकडे द्या. नमाजनंतर सकाळचं ऊन अंगणात तिरपं असतं, डोळे मिचकावावे लागत नाहीत. धाकट्याला आधी खजूर भरवा, टोपी शेवटी घाला. तो हललाच तर हलू द्या, कॅमेऱ्याला आता चालतं. आणि फोटो छापून आणलात तर मागे पेन्सिलीने नावं, गाव, हिजरी आणि इसवी साल लिहून ठेवा, अम्मीचं नाव ‘अम्मी’ नव्हे, पूर्ण.