वावांनी मोजलेला समुद्र

१८१२ सालच्या तहाने मालवणचे बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ला कोल्हापूरकरांकडून इंग्रजांच्या अमलाखाली गेला, तरी त्या पाण्यातला गाबीत मच्छिमारांचा व्यवहार वहिवाटीच्याच बळावर चालू राहिला. ह्या वहिवाटीचे सर्वांत मोठे रूप म्हणजे रापण. घराघरांतून आलेले जाळ्याचे तुकडे जोडून ती सिद्ध व्हावी, होडीने ती अर्धवर्तुळात सोडावी, मग वाळूवर उभ्या राहिलेल्या पन्नासपाऊणशे माणसांनी तिची दोन्ही टोके ओढावीत आणि बांगडा, तारली, पेडवे जे काही लागेल त्याचे वाटे सर्वांत पडावेत, असा तो क्रम होता. मासळी किनाऱ्याकडे येईल तरच रापणकराला काही मिळायचे, आणि पुढच्या साऱ्या कज्ज्यांचे मूळ ह्याच एका गोष्टीत आहे.

समुद्रातील मासेमारी हा सर्वांचा सामायिक हक्क होय, हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली एका कोळी फिर्यादीत मान्य केले होते. होडी आणि हातजाळे हीच जोवर साधने होती, तोवर त्या हक्कात न्याय होता. पण १९७० नंतर गोवा आणि कर्नाटकच्या किनाऱ्यांवर यांत्रिक ट्रॉलरांपाठोपाठ पर्ससीन जाळी उतरली, अख्खा थवा खोल पाण्यातच वेढला जाऊ लागला, आणि ज्याचे भांडवल मोठे त्याच्याच हाती तो सामायिक हक्क गेला. गोव्याच्या रापणकरांनी उग्र आंदोलन केले, १९७६ साली केंद्राने ह्या वादावर मजुमदार समिती नेमली, आणि ज्या १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला त्याच साली महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. त्याखाली किनाऱ्यालगतची ठराविक वाव खोलीपर्यंतची पट्टी यांत्रिक ट्रॉलजाळ्यांना वर्ज्य ठरली. मच्छिमार ज्या वावेने पाणी मोजतो तीच सरकारदरबारी रुजू झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ह्या बंधनांची वैधता केरळच्या प्रकरणात कसाला लागली. प्रादेशिक जलधीत पर्ससीन बंद करण्याचा केरळ सरकारचा हुकूम १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. यंत्रधारकाच्या व्यवसायस्वातंत्र्याला, किनाऱ्यावरील दुर्बळ मच्छिमाराच्या उपजीविकेसाठी राज्य मर्यादा घालू शकते, हा त्याचा आशय. मालवणच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाचा निकाल दुसरा नाही. पुढे पर्ससीनविषयी नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या हुकुमाने महाराष्ट्रात पर्ससीनची मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर ह्या महिन्यांपुरती राहिली; २०१७ साली प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी ओढण्यास केंद्राने मनाई केली; आणि महाराष्ट्राच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांच्या घरात जाऊन, पूर्वी तहसीलदारापुढे चालणारी प्रकरणे मत्स्यव्यवसाय खात्याकडे आली.

जानेवारी २०२३ मध्ये तामिळनाडूच्या पर्ससीनबंदीविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. परवानाधारक पर्ससीन नौकांना १२ सागरी मैलांपलीकडे, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी ८ ते सायंकाळी ६ एवढीच मुभा मिळाली. हा आदेश तामिळनाडूपुरता असला तरी मालवणात तो बारकाईने वाचला जावा, कारण १२ मैलांपर्यंतच्या पाण्यावर राज्याचा अधिकार चालतो आणि त्यापुढे केंद्राचा. बांगड्याचा थवा ही सीमा जाणत नाही, आणि बाहेरच्या पट्ट्यात वेढलेली मासळी आतल्या रापणीला लागत नाही. मुभेला दिवस आणि घटका नेमून देऊन न्यायालयाने संयम राखला, हे मला योग्य वाटते. मात्र त्या घटकांचे पालन तपासायला भर समुद्रात गस्तीची नौका लागते, आणि रात्री परप्रांतीय ट्रॉलर वावांची हद्द ओलांडून आत शिरतात ही मालवणच्या मच्छिमारांची जुनी तक्रार गस्तीविषयीच आहे. ह्यापुढे अशा प्रकरणांत सरकारने कैफियत मांडताना बंदीच्या समर्थनाबरोबर जिल्हानिहाय गस्तीचा आणि जप्तीचा तपशीलही न्यायालयापुढे ठेवावा, आणि रापण संघांना त्याची नक्कल मागता यावी.